चाकात तोंड दिसलं पाहिजे!

चंद्रपुरात गाडी धुणं हे न संपणारं काम आहे. सकाळी धुतलेली गाडी संध्याकाळी घरी आली की ती कुठं जाऊन आली हे चाकंच सांगतात. घुग्घुसकडून आली असेल तर काळी, गडचांदूरकडून आली तर राखाडी, आणि आलापल्ली-एटापल्लीकडून आली तर तांबडीलाल. चंद्रपूरची एमएच-३४ असो की गडचिरोलीची एमएच-३३, धुळीला पासिंगशी काही देणंघेणं नाही. तरी दसरा जवळ आला की एखादा हौशी गडी अंगणात जॅक लावतो, चाक खोलतो, पोतं अंथरून ते समोर आडवं घेतो आणि घासायला बसतो. काय चाललंय म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "भाऊ, चाकात तोंड दिसलं पायजे!"

तर दिसतं. अ‍ॅल्युमिनियमच्या अलॉय चाकात खरंच तोंड दिसतं, समोर बसून दाढी करावी इतकं लख्ख. त्याला लागतो थोडा वॉटर पेपर, थोडी पेस्ट, जुन्या बनियनच्या चिंध्या आणि मनगटात दम. शिवाय लागते थोडी माहिती, आणि ती भलतीच मजेशीर आहे.

आधी चिंधी, मग कागद

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अलॉय चाकांवर रंग असतो आणि रंगावर पारदर्शक लॅकर. म्हणजे आपण ज्याला अ‍ॅल्युमिनियमची चमक समजतो, ती बऱ्याचदा लॅकरची असते. आपल्या चाकाचा धातू उघडा आहे की झाकलेला, हे ओळखायची युक्ती अगदी सोपी. दर्शनी बाजूच्या एखाद्या कोपऱ्यात, चिंधीवर चिमूटभर मेटल पॉलिश घेऊन घासा. चिंधी काळीकुट्ट झाली तर धातू उघडा. पांढरीच राहिली तर तुम्ही लॅकरला गोंजारताय, आणि ते तुमचं तोंड दाखवणार नाही.

काळं का होतं? चांदीसारखा दिसणारा अ‍ॅल्युमिनियम अगदी बारीक भुकटी झाला की काळा दिसतो. घरी जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, गंज घासताना हात काळे होतात, ते याच कारणानं. घरातल्या बाईमाणसाला हे शास्त्र पुस्तकाविना ठाऊक आहे. नवं चाक घेणाऱ्या पोराला ते दुकानदार सांगत नाही.

लॅकर असेल तर पेंट रिमूव्हरनं ते आधी उतरवावं लागतं, हातमोजे घालून आणि मोकळ्या हवेत. पण एक लक्षात असू द्या. ते लॅकर चाकाचं पांघरूण असतं. उतरवलं की देखभालीची जबाबदारी तुमची.

ओरखडा मारून ओरखडा काढायचा

पॉलिश म्हणजे ओरखडे घालवणं, असा सगळ्यांचा समज असतो. खरं तर पॉलिशवाला दिवसभर ओरखडेच मारत असतो, फक्त प्रत्येक वेळी आधीपेक्षा बारीक. कागदामागचा आकडा जितका मोठा तितका कण लहान. 'पी' मालिकेतल्या ४०० नंबरच्या कागदाचा कण साधारण ३५ मायक्रॉनचा असतो, ८०० चा सुमारे २२, १२०० चा १५ आणि २००० चा १० मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस जाडीला ५० ते १०० मायक्रॉन. म्हणजे २००० नंबरच्या कागदाचा ओरखडा डोळ्याला दिसेनासा होतो, पण प्रकाशाला दिसतो. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशलहरींची लांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. पृष्ठभागावरचे उंचसखल भाग त्याहून बरेच लहान झाले की किरण इकडंतिकडं न विखुरता सरळ परततात, आणि चाकाचा आरसा होतो. आपला कागद १० मायक्रॉनवर थांबतो. तिथून पुढचं काम पेस्टचं.

यातली गंमत अशी की घाई करणारा माणूस नेमका मधला कागद गाळतो. ४०० वरून थेट १५०० वर उडी मारली की १५०० चा कागद बिचारा ४०० च्या चरांमध्ये पोचतच नाही, फक्त त्यांचे काठ चमकवतो. वरून चमक, आत चर. उन्हात नेलं की सगळं उघडं पडतं. चंद्रपूरच्या उन्हात तर काहीच लपत नाही.

नखाएवढा मऊ, माणकाएवढा कठीण

शुद्ध अ‍ॅल्युमिनियम मोह्सच्या कठीणपणाच्या मापावर ३ च्या आतबाहेर, जवळपास आपल्या नखाच्या पंगतीतला. चाकाच्या मिश्रधातूत सिलिकॉन आणि मॅग्नेशियम घालून तो कणखर करतात. ओतीव चाकांच्या ए३५६ या नेहमीच्या मिश्रधातूत सिलिकॉन सुमारे ७ टक्के असतं. तरीही धातू मऊच.

पण हवा लागताक्षणी त्याच्या अंगावर ऑक्साइडचा थर चढतो. जाडी जेमतेम काही नॅनोमीटर, आणि कठीणपणा? या ऑक्साइडच्या स्फटिकाचा त्याच मापावर ९. माणिक आणि नीलम हेही याच ऑक्साइडचे स्फटिक. तुम्ही घासून घासून तो थर काढता, चिंधी उचलता, आणि तेवढ्यात नवा थर तयार. अ‍ॅल्युमिनियमचा आरसा असा नेहमी माणकाच्या जातीच्या पातळ पडद्याआडूनच बघावा लागतो. पडदा इतका पातळ आणि पारदर्शक की कळतच नाही.

आणि पांढऱ्या पॉलिशच्या वडीत घासायला कोणता कण घातलेला असतो? अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच! काट्यानं काटा काढणं म्हणतात ते हेच.

आपली धूळ, पॉलिशवाल्याचं दुकान

आता खास आपल्या दोन जिल्ह्यांची गोष्ट. ज्या धुळीला आपण शिव्या देतो, तिच्यात पॉलिशवाल्याचं निम्मं दुकान आहे.

एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरातून निघतं ते लोहखनिज म्हणजे हेमटाइट, लोखंडाचं ऑक्साइड. सोन्याला शेवटचा हात देताना कारागीर जी लाल 'रूज' वापरतात, तीही लोखंडाचं ऑक्साइडच. खनिजाच्या ट्रकमागून येताना चाकावर बसलेली लाल धूळ आणि पेढीवरची लाल वडी एकाच कुळातली. मग चाक आपोआप चमकत का नाही? कारण रूज दळून, चाळून एकसारखी बारीक केलेली असते. रस्त्याच्या धुळीत मोठे कण, माती आणि गारगोटीची कच सगळं एकत्र. गारगोटीचा कठीणपणा ७. कोरड्या फडक्यानं ती धूळ पुसणं म्हणजे चाकावर फुकटात खरकागद फिरवणं. म्हणून पहिला नियम: आधी भरपूर पाणी, मगच हात.

मग राख. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट, आणि आपल्याकडच्या कोळशात राखच ३० ते ४० टक्के. या राखेत मुख्यतः सिलिका आणि अ‍ॅल्युमिना असतं, म्हणजे पुन्हा घासणाऱ्यांचीच जात. पूर्वेला धानपट्ट्यात गेलं तर आणखी बहार. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी, वडसा इथल्या राइस मिलमधून निघणारा कोंडा जाळला की सुमारे पाचव्या हिश्शाएवढी राख उरते आणि तिच्यात ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. गावातल्या बाया तणसाचा बोळा, राख आणि चिंच घेऊन भांडी लखलखीत करतात. बोळा म्हणजे बफ, राख म्हणजे अब्रेसिव्ह, चिंच म्हणजे आम्ल. दुकानातल्या किटमध्ये याहून वेगळं काही नसतं, डबा मात्र देखणा असतो. फक्त चाकासाठी ही राख वापरू नका. भांड्याला ती ऐट देते, पण तिच्यातल्या जाडसर कणांनी आरसा होत नाही.

सगळ्यात खोडकर धूळ सिमेंटची. गडचांदूर, आवाळपूर, घुग्घुस या पट्ट्यात राहणाऱ्यांनी हे जपून वाचावं. ओलं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं आणि अल्कली अ‍ॅल्युमिनियमला खाते. खाताना हायड्रोजन वायूचे बुडबुडे सोडते. हा गुण इतका खात्रीचा आहे की हलके एएसी ब्लॉक फुगवण्यासाठी कारखान्यात मुद्दाम अ‍ॅल्युमिनियमची पूड मिसळतात. त्यामुळे सिमेंटची धूळ बसलेल्या उघड्या चाकावर रिमझिम पाऊस पडू दिला तर पांढुरके डाग राहतात, आणि ते पुसून जात नाहीत, घासूनच काढावे लागतात. कॉस्टिक सोडा असलेली मोरी साफ करायची पावडर चाकाला लावू नका, ते याच कारणासाठी.

प्रत्यक्ष घासताना

सावली धरा. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४७-४८ अंशांपर्यंत जातो, तेव्हा दुपारी चाकाला हात लावणं सोडाच, साबणाचं पाणी लावल्या लावल्या वाळून डाग पडतात. सकाळी सातची वेळ उत्तम.

चाक खोलून घ्या. वॉटर पेपर आधी अर्धा तास पाण्यात भिजू द्या, पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. ४०० नंबर फक्त खोल ओरखडे असतील तरच, नाहीतर ६०० पासून सुरुवात. मग ८००, १०००, १५००, २०००. दर नंबरला दिशा बदला: एक उभा, दुसरा आडवा. आडव्या फेरीत उभा चर दिसला तर समजा की मागचं काम बाकी आहे. सुरुवातीला कागद कर्रकर्र वाजतो, हाताला धरतो. हळूहळू आवाज बारीक होतो, आणि बोटांखालून राखाडी, दुधट पाणी वाहायला लागतं. ते तुमचंच चाक आहे, झिजून निघालेलं. २००० नंतर चाक धुऊन पुसलं की बऱ्याच जणांचा हिरमोड होतो, कारण ते चमकत नाही. मंद, मेणचट, स्टीलच्या जुन्या ताटासारखं दिसतं. घाबरू नका. इथवर बरोबर आलात.

आता पेस्ट. ऑटोसोलसारखी मेटल पॉलिशची ट्यूब किंवा ड्रिल मशीनला लावलेला कापडी बफ आणि पांढरी वडी. वाटाण्याएवढी पेस्ट, तळहाताएवढी जागा. घासलं की सगळं आधी काळं होतं; काळं झालं की थांबायचं नाही, ते काळं सुकत आलं की स्वच्छ फडक्यानं ओढायचं. फडकं एकदा फिरवलं की त्या काळ्याच्या मागून एकदम आकाश निघतं. अंगणातलं कडुनिंबाचं झाड, वरची तार, तारेवरचा कोतवाल, सगळं चाकात. इथं बहुतेक जण शेजाऱ्याला हाक मारतात.

कोपऱ्यात, नटांच्या भोवती काळं अडकून राहतं. अमेरिकेतले ट्रकवाले ते काढायला चक्क मैदा चोळतात. मैदा तेलकट मळ शोषून घेतो. आपल्याकडं कुणी करून बघितलं तर घरात विचारून करावं.

हातानं एका चाकाला अर्धा दिवस आरामात जातो. चार चाकांना एक रविवार पुरेल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पाचव्याची चिंता मात्र बहुधा नको. चार चाकं अलॉय असली तरी कित्येक गाड्यांची स्टेपनी साध्या लोखंडाचीच असते.

बल्लारशाचा दारूगोळा

अ‍ॅल्युमिनियमची भुकटी आणि लोखंडाचं ऑक्साइड एकत्र करून पेटवलं तर काय होतं? सुमारे अडीच हजार अंश तापमान आणि वितळलेलं लोखंड. याला थर्माइट म्हणतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हान्स गोल्डश्मिट यांनी १८९५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि रेल्वेचे रूळ जोडायला आजही हीच पद्धत वापरतात. दिल्ली-चेन्नई मार्गावरच्या बल्लारशा जंक्शनवरून गाडी खडखड न करता सरकते, त्यात या जोडकामाचा वाटा आहे.

घरच्या पॉलिशशी याचा संबंध काय? एकाच ग्राइंडरवर आधी गंजलेलं लोखंड आणि मग अ‍ॅल्युमिनियम घासलं, तर खाली साठणाऱ्या धुळीत हेच दोन जिन्नस एकत्र येतात, वरून ठिणग्या. वर्कशॉपमध्ये यातून आगी लागतात. अ‍ॅल्युमिनियम ओलं घासा, धूळ उडू देऊ नका, आणि लोखंडाचं यंत्र वेगळं ठेवा. गंमत म्हणून करून बघायची ही गोष्ट नाही.

वैरागडचे हिरे आणि 'डायमंड कट'

आरमोरी तालुक्यातल्या वैरागडला एके काळी हिऱ्यांची खाण होती. अकबराच्या काळातल्या 'आईन-ए-अकबरी'तही तिची नोंद आहे. आज त्या भागात हिरा दिसायचा असेल तर तो नव्या गाड्यांच्या चाकांवर, 'डायमंड कट' नावानं. हे नाव निव्वळ जाहिरात नाही. अशा चाकाचा दर्शनी भाग संगणकावर चालणाऱ्या लेथवर हिऱ्याच्या टोकाच्या हत्यारानं कापलेला असतो. तिरप्या उजेडात त्यावर सीडीसारखे रंग दिसतात, ते त्या बारीक वर्तुळाकार चरांमुळं. त्यावर लॅकर. अशा चाकाला घरी वॉटर पेपर लावला की चर गेले, रंग गेले, आणि उरलं साधं चाक. डायमंड कट चाकाचा मालक असाल तर या लेखातला घासायचा भाग वाचून सोडून द्या.

चाकभर धातू, महिन्याचं बिल

१८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभाच्या टोकावर अ‍ॅल्युमिनियमची टोपी बसवली. वजन पावणेतीन किलोच्या आसपास, आणि तेव्हा तो कौतुकाचा, महागडा धातू. आज एका मध्यम गाडीचं एकच अलॉय चाक आठ-नऊ किलोचं असतं. मधल्या काळात काय झालं? १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोघांनी, एकमेकांना न ओळखता, वीज वापरून अ‍ॅल्युमिनियम काढायची एकच रीत शोधली. दोघांचा जन्म १८६३ चा, दोघांचा मृत्यू १९१४ चा. योगायोगाची हद्द आहे! भारतात १८९८ च्या सुमारास मद्रासच्या कला विद्यालयात आल्फ्रेड चॅटरटन यांनी अ‍ॅल्युमिनियमची भांडी घडवायला सुरुवात केली. मोटारीच्या चाकात तो आला १९२४ मध्ये, लियाँच्या ग्रांप्री शर्यतीत उतरलेल्या बुगाटी टाइप ३५ बरोबर.

नव्यानं एक किलो अ‍ॅल्युमिनियम काढायला साधारण १४ युनिट वीज लागते. म्हणजे एका चाकामागं सव्वाशे युनिट, एका लहान घराचं महिन्याचं बिल. तोच धातू वितळवून पुन्हा वापरला तर याच्या पाच टक्क्यांच्या आसपास वीज पुरते. म्हणून भंगारवाला वाकलेल्या अलॉय चाकाला लोखंडापेक्षा चांगला भाव देतो. या धातूवर संशोधन करणारं जवाहरलाल नेहरू अ‍ॅल्युमिनियम संशोधन केंद्र आपल्या शेजारीच आहे, नागपूरच्या वाडीत, १९८९ पासून.

क्रोमला मागं टाकतं

चकचकीत म्हटलं की लोकांना क्रोम आठवतं. पण नीट पॉलिश केलेलं अ‍ॅल्युमिनियम पडणाऱ्या प्रकाशापैकी ९० टक्क्यांच्या आसपास परत फेकतं. क्रोम त्यापेक्षा बरंच कमी, तेही जरा निळसर. जगातल्या बहुतेक मोठ्या दुर्बिणींच्या आरशांवर याच धातूचा पातळ मुलामा असतो. वेफर्सच्या पाकिटाची आतली चमकही त्याचीच.

या चमकीचे गिऱ्हाईक जंगलातही आहेत. ताडोबाच्या कडेला, मोहर्लीसारख्या गावात गाडी उभी केली की बुलबुल, दयाळ, शिंजीर गाडीच्या आरशावर चोची मारतात. आरशातला पक्षी त्यांना हद्दीत घुसलेला दुसरा नर वाटतो. वानरंही आरशापाशी तासन्‌तास रमतात, कधी चिडतात. विणीच्या काळात आरशांवर मोजा चढवून ठेवा. आरसा झालेलं चाक असेल तर त्यालाही एखादं फडकं.

आरसा टिकवायचा तर

उघडं पॉलिश केलेलं अ‍ॅल्युमिनियम काही आठवड्यांत मंद व्हायला लागतं, पावसात आणखी लवकर. भामरागडच्या वाटेवर पर्लकोटा नदीला पूर आला आणि गाडी दोन दिवस चिखलात उभी राहिली, तर त्याहूनही लवकर. पॉलिश झाल्यावर लगेच कार वॅक्स किंवा सीलंट लावा आणि दर दीड-दोन महिन्यांनी पेस्टचा हलका हात द्या; पुन्हा कागदापासून सुरू करावं लागत नाही. लोखंडी तारेचा घासणा वापरू नका, त्याचे तुकडे धातूत रुततात आणि मग गंजतात. ब्रेकची काळपट धूळही लोखंडाचीच, ती आठवड्याला धुवा. चाक धुवायचं कडक अ‍ॅसिड लावू नका; त्यातल्या काहींत हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं, ते चाकापेक्षा तुमच्या हाताला जास्त महागात पडतं. टायर जिथं रिमवर बसतं ती कड, हबला टेकणारा भाग आणि नटांच्या खाचा घासू नका. तिथं चमक नको, माप हवं. तडा गेलेलं चाक कितीही चमकलं तरी ते भंगारच.

आणि चाकं परत बसवताना नट समोरासमोर, थोडे थोडे आवळा. पन्नासेक किलोमीटर धावल्यावर ते पुन्हा एकदा तपासायचे असतात. चंद्रपूरहून निघालात तर मूल आलं की चहाला उतरा, आणि चहाआधी पाना लावा.